भाटकरअण्णांच्या निळ्या वायरी

भाटकरअण्णांनी मला आयुष्यात एकदाच शिव्या घातल्या. वीस वर्षं वर्गातल्या पोरांना गप्प बसवणारी मी, त्या सकाळी आठाला दहा कमी असताना त्यांच्या पडवीत निळी वायर हातात धरून चोरासारखी उभी होते, आणि अख्खी वाडी गडग्यावरून माना उंचावून माझी शोभा बघत होती. गुन्हा एवढाच, की तिकडे ऑस्ट्रेलियात आपले शेवटचे दोन फलंदाज खेळत होते, माझा इंटरनेटचा तास आठला सुरू होणार होता आणि मला दहा मिनिटं दम धरवला नाही. अण्णा दूध आणायला गेलेत असं बघून मी त्यांची वायर काढून माझी लावायला गेले, आणि ते नेमके दुधाची किटली घेऊन मागे उभे.

"मेल्ये, पोरांना रांग शिकवतेस नि स्वतः रांग मोडतेस? मागितली असतीस तर दहा काय, वीस मिनिटं दिली असती! तोंड नाय तुला? हात आधी जातो?"

एरवी मला ते 'अहो बाई' म्हणत. त्या दिवशी सगळा अहोजाहो दुधाबरोबर उतू गेला. आपले फलंदाज मी घरी पोचेपर्यंत बाद झाले होते, ते वेगळंच.

आमची वाडी रत्नागिरीत खाडीच्या अंगाला होती. अकरा घरं, मधे जांभ्याचे गडगे आणि माणसांपेक्षा जास्त माड. एस.टी.चा एक कंडक्टर, कोर्टातला एक शिपाई, कोळंबी सोलायच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका, बोटीवर पोरगा असलेले नागवेकर म्हातारा-म्हातारी, आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी मी, प्राथमिक शाळेतली बाई. दोन हजारचं दशक अर्धं सरलं होतं. कॉलेजांचे फॉर्म, निकाल, आगबोटीवरच्या पोरांची पत्रं, सगळं हळूहळू कॉम्प्युटरच्या पोटात जायला लागलं होतं. बाजारातल्या सायबर कॅफेत तासाला पैसे मोजायचे आणि तिथे पोरीनं एकटीनं बसायचं नाही, अशी एकेका घराची अडचण. घरी कनेक्शन घ्यायचं तर महिन्याचं भाडं ऐकूनच माणूस पायरीवर बसे.

भाटकरअण्णा टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. काटकुळे, काळेसावळे, खाकी अर्धी पँट आणि कमरेला पक्कड. बांबूची शिडी खांद्यावर असली की चालताना ताठ वाटत, नसली की वाकलेले. रिसीव्हर कानाला लावून नुसत्या खरखरीवरून ते सांगत, "ही ओली हाय. नाक्याच्या डब्यात पाणी गेलंय." आणि तसंच असे. बोलणं कमी. फार झालं तर म्हणत, "विचारायला काय जातं? थुंकीच ना?" हे वाक्य ते दिवसातून चारदा म्हणत, कुणालाही, कशावरूनही.

वाडीत स्वस्तात इंटरनेट आणायची कल्पना त्यांचीच. आपल्या फोनवर एकच कनेक्शन घ्यायचं आणि माडामाडांवरून वायर ओढून अकरा घरांत द्यायचं. भाडं अकरांत वाटलं की घराला दोन किलो बांगड्यांएवढं पडत होतं. पण आधी विचारायला हवं! अण्णा अर्ज लिहून साहेबापुढे उभे राहिले. साहेब त्यांच्या ओळखीचा. त्यानं अर्ज वाचून परत सरकवला. "भाटकर, हे कागदावर विचारू नका. विचारलंत तर मला नाही म्हणावं लागेल." अण्णांनी तो तसाच आवक टेबलावर देऊन शिक्का मारून घेतला. उत्तर कधीच आलं नाही. तो शिक्क्याचा कागद त्यांनी देवाच्या फोटोमागे ठेवला होता आणि कुणी कायद्याचं काढलं की म्हणत, "मी विचारलंय. ते नाय म्हणाले नाहीत."

वायर ओढताना त्यांनी एक चूक केली, ती लाइनमनशिवाय कुणी केली नसती. त्या वायरीत आठ रंगीत तारा असतात आणि टोकाच्या प्लगमध्ये त्या ठरल्या क्रमानं बसवायच्या असतात. नारिंगी आधी. अण्णांच्या खात्यात जन्मभर निळा आधी. त्यांनी हातच्या सवयीनं सगळीकडे निळा आधी बसवला. गंमत अशी की जवळच्या घरांत चालू झालं आणि लांबच्या सात घरांत मेल्यासारखं पडून राहिलं. आठ दिवस अण्णा शिडी घेऊन माड चढत होते, वायरीला दोष देत होते, दुकानदाराला दोष देत होते. शेवटी दुकानदारानं कागदावर रंगांचा क्रम काढून दिला तेव्हा ते कितीतरी वेळ बघत बसले. "निळ्याला मधे कोंबलाय," ते म्हणाले, "तीस वर्षं तो पयला होता." मग मुकाट्यानं बावीस टोकं कापली आणि नव्यानं केली.

त्यांच्या पडवीत मोडेम होता. त्याच्या पाठीला वायर लावायला एकच भोक. समोर फळीवर अकरा खिळे, प्रत्येक खिळ्याला एका घराची वायर, वर तांब्याच्या पट्टीवर घराचं नाव कोरलेलं. एका वेळी एकच वायर लागायची, एकाच घराला, एक तास. तास संपला की अण्णा जुन्या टेलिफोनच्या घंटेवर स्क्रूड्रायव्हर मारत आणि वायर बदलत. एस.टी.तला कंडक्टर त्यांना म्हणाला होता, की शे-पाचशे रुपयांत एक डबी मिळते, ती लावली की सगळ्यांना एकदम मिळतं. "नि सगळ्यांना चमचा चमचा," अण्णा म्हणाले. "पाटाचं पाणी एका वेळी एकाच आगरात सोडतात. भिजलं तर भिजलं पाहिजे."

हे पाटाचं पाणी त्यांच्या डोक्यातून जात नसे. त्यांचं मूळ गाव दापोलीकडे समुद्रकाठी. तिथे नारळी-पोफळीच्या आगरांना ओढ्याचं पाणी पाळीनं मिळतं. आपल्या पाळीत ओढा आटला तर आपलं नशीब, पुढचा आपली पाळी मागे ढकलत नाही. एकदा अण्णांच्या वडिलांनी पहाटे, भावाचा अर्धा तास बाकी असताना, पाटाचं तोंड आपल्याकडे वळवलं. भाऊ कोयती घेऊन आला. कुणाला लागलं नाही, पण दोघांच्या आगरात गडगा उभा राहिला आणि चुलत्याच्या मर्तिकालाही वडील गेले नाहीत. हे अण्णांनी मला शिव्या घातल्या त्याच दिवशी संध्याकाळी येऊन सांगितलं. माफी मागायचीच त्यांची ही तऱ्हा असावी. "मागितलं असतं तर काकानं दिलं असतं हो बाई. पाणी मुबलक होतं."

स्वतःच्या तासात, सकाळी सात ते आठ, अण्णा काय बघत, याचं वाडीला भारी कुतूहल. मी एकदा डोकावले. समुद्राच्या तळातून एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या तारांचे नकाशे ते बघत बसले होते. चष्मा नाकावर, बोट पडद्यावर, आपल्याच लाइनीवर चालल्यासारखे. "ही तुटली तर कोण जोडतं म्हायत्ये?" त्यांनी विचारलं. मला काय माहीत असणार! त्यांनी मला अर्धा तास समजावलं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यातलं काही कळलं नाही. पण माणूस सुखात होता.

आता तो मंगळवार.

जून लागला होता, पाऊस पडून गेला होता तरी रोजचा दुपारचा गडगडाट थांबला नव्हता. कोळंबीच्या कारखान्यात जाणाऱ्या कुंदाची पोर अस्मिता, नवरा नसलेल्या बाईची एकुलती एक, दहावीला पंच्याऐंशी टक्के मिळवून बसली होती. सरकारी डिप्लोमा कॉलेजचा फॉर्म इंटरनेटवरून भरायचा होता आणि त्याची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर फॉर्मात हवा होता आणि दाखला हातात पडला सोमवारी संध्याकाळी. कुंदाच्या घराचा तास मंगळवारी दोन ते तीन. ठीक होतं सगळं. आणि दीडला लाईट गेली. भारनियमनाची वेळ नव्हती, तरी गेली. दोन वाजले, तीन वाजले. बाजारात फोन केला तर तिथेही काळोख.

चार वाजून आठ मिनिटांनी पंखा फिरला. मी धावत अण्णांच्या पडवीत गेले तेव्हा कुंदा तिथे आधीच उभी होती, हाताला कोळंबीचा वास तसाच. अण्णा वायर लावत होते. नागवेकरांची.

"अण्णा, माझी लावा ना. दोन ते तीन माझाच होता की!"

"तुझा आटला. आता त्यांचा हाय."

"पाचला बंद होतंय ओ! पोरीचं वर्ष जाईल."

"म्हायत्ये मला. माझा तास असता तर आत्ता दिला असता. ज्याचा त्यानं द्यायचा. जा, माग."

कुंदा जागची हलली नाही. कारण मागायचं होतं नागवेकरवहिनींकडे, आणि त्या दोघींचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. मासळीचं पाणी गडग्यापलीकडे गेलं, एवढंच कारण. त्यातून त्या दिवशी नागवेकरांनाही त्या तासाची गरज काय कमी होती? त्यांचा पोरगा सुहास मालवाहू बोटीवर होता. शेवटच्या पत्रात त्यानं कळवलं होतं, की अमुक मंगळवारी बंदरात लागू, आपल्याकडचे चार वाजले की खलाशांच्या क्लबात बसेन, तुम्ही चॅटवर या. त्यानंतर तीन आठवडे एक अक्षर नाही. आणि मधे टीव्हीवर कुठल्याशा मालवाहू बोटीला आग लागल्याची बातमी येऊन गेली होती, बोटीचं नाव न सांगता. वहिनी तीन आठवडे जेवत नव्हत्या, नुसत्या पानावर बसून उठत होत्या.

"मरेन, पण तिच्या दारात जायची नाय," कुंदा म्हणाली.

सव्वाचार झाले. अण्णा घड्याळाकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. मला त्यांचा इतका राग आला, की वाटलं ती फळीच उचकटून टाकावी. असला कसला नियम, जो डोळ्यांदेखत पोरीचं वर्ष बुडवतो!

"कुंदा," अण्णा म्हणाले, "तुझं नाक राहील नि पोर घरी राहील. ठरव."

ठरवलं अस्मितानंच. आईकडे न बघता ती कागदांची पिशवी घेऊन धावत सुटली, आणि फॉर्म इंग्रजीत म्हणून मी मागोमाग. नागवेकरांच्या दारात ती थबकली. आत दोघं म्हातारी पडद्यासमोर, चॅटची रिकामी चौकट उघडून.

"काकी, तुमचा तास द्याल? थोडा?"

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.  त्या खुर्चीवरून उठल्या. "बस. इथंच बस नि भर. पण ती चौकट बंद करू नको हां गो. तो येईल त्यात."

अर्ध्या पडद्यावर फॉर्म आणि अर्ध्यावर सुहासची रिकामी चौकट.  एकेक पान उघडायला मिनिट मिनिट लागत होतं. चार पस्तीसला पहिला गडगडाट झाला.

वाडीचा दुसरा नियम म्हणजे वीज चमकली की वायर बाहेर. माडावरून गेलेली प्रत्येक वायर म्हणजे विजेला आमंत्रण. नागवेकरांचा कॉम्प्युटर सुहासच्या पहिल्या पगाराचा. खिडकीतून अण्णांची पडवी दिसत होती. उजव्या हाताची बोटं मोडेमच्या प्लगवर, डावीकडे ट्रान्झिस्टर कानाला. वीज यायची असली की त्यात आधी खरखर होते. लखलखलं की ते मोजत, आवाज आला की आकडा ओरडत. एरवी दहाच्या खाली आकडा आला की ते वायर काढत, कुणाची गय नसे.

"अकरा!" अण्णा ओरडले.

दाखल्याचा नंबर टाकला. चुकला. पुन्हा टाकला.

"आठ!"

मी खिडकीकडे पाहिलं. त्यांनी प्लग काढला नव्हता. नागवेकरभाऊ उठून उभे राहिले. "अगो, काढायला सांग त्यांना, मशीन जळेल!"

"जळू दे," वहिनी म्हणाल्या. डोळे रिकाम्या चौकटीवर.

"सहा!"

कुंदा मधल्या गडग्यावर चढून उभी होती.  अस्मितानं शेवटचं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला.

"चार! बाई, झालं का?" अण्णांचा आवाज फाटला होता. "बाई!"

फॉर्म पोचल्याच्या नंबराचे आकडे उमटले. मी ते बॉलपेननं तळहातावर लिहिले आणि किंचाळले, "झालं!"

त्यांनी वायर ओढली. चार बावन्न. पाच मिनिटांच्या आत नाक्यावरच्या खांबाजवळ वीज पडली आणि सगळ्या वाडीचे फोन मेले.

कुंदा दारात आली. वहिनींकडे बघून काहीतरी बोलायला गेली आणि रडायलाच लागली. वहिनींनी तिला पाणी दिलं. त्यांचा स्वतःचा पोरगा आलेला नव्हता.

पुढचे तीन दिवस वहिनी अण्णांच्या पडवीच्या पायरीवर बसून होत्या. बाजारातल्या कॅफेत जा म्हणावं, तर चॅटचं सगळं सुहासनंच लावून दिलेलं, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. खात्याची माणसं तालुकाभर पसरलेली. शुक्रवारी भर पावसात सदुसष्ट वर्षांचे अण्णा शिडी लावून नाक्याच्या खांबावर चढले. चढायचा अधिकार त्यांना राहिला नव्हता. त्यांनी बाजारातून खात्यात फोन करून विचारलं होतं म्हणे, आणि पलीकडच्यानं नाही म्हणायच्या आत यांनी फोन ठेवला होता.

लाईन आली. चौकटीत सुहासचा मजकूर होता. "आई, बोटीला उशीर झाला. आलोय. कुठे आहात?" खाली वेळ होती, मंगळवार, चार चोपन्न. पोरगा खुशाल होता. वहिनी हसत होत्या, रडत होत्या, सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत होत्या. अण्णांनी साखर घेतली आणि ते वेळेचेच आकडे बघत राहिले.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "नि तास पाचपर्यंतचा होता. मी तुमची आठ मिनिटं नेली, वहिनी. न विचारता."

"अहो अण्णा, वीज होती! तुम्ही जळून गेला असता!"

"विचारलं नाय मी," अण्णा म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला अण्णा स्वतःची वायर खिळ्यावर ठेवून नागवेकरांची लावायला लागले. आपला तास त्यांनी कायमचा देऊन टाकला. समुद्राखालच्या तारा संपल्या. वहिनी म्हणाल्या, माझं काही देणं नाही, मी तो तास वापरणार नाही. आणि खरंच, सात ते आठ त्या कॉम्प्युटरला हात लावत नसत. इकडे अण्णा तो परत घेत नसत. दोन वर्षं, एकेका मिनिटासाठी जीव टाकणाऱ्या आमच्या वाडीत, रोज एक तास इंटरनेट रिकाम्या खुर्चीसमोर वाहत होतं. अस्मिता सुट्टीत आली की तो मागायला जाई. वहिनी म्हणत, "त्यांचा हाय, त्यांना विचार." अण्णा म्हणत, "त्यांचा हाय, त्यांना विचार." ती हसत हसत परत येई. मला हसू येत नसे. म्हाताऱ्या माणसांचा हट्ट लांबून गमतीचा वाटतो, रोज सकाळी शेजारून बघायला जड जातो.

मग अण्णांना झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात गेला. डाव्या हातानं ते वायर बदलत, वेळ लागे, पण दुसऱ्या कुणाला फळीला हात लावू देत नसत. त्याच सुमारास माझी बदली बुरोंडीला झाली. निघायच्या दिवशी सकाळी सातला निरोप घ्यायला गेले, तर वहिनी पडवीत उभ्या होत्या.

"अण्णा, सुहास आज लांबच्या बंदरात लागलाय. तिकडून आत्ताच बोलता येईल म्हणतो. त्याचं पोर पण दाखवायचंय त्याला." त्या थांबल्या. "तुमचा तास वापरू का?"

"तुमचाच हाय."

"नाय. तुमचा हाय. म्हणून विचारत्येय."

अण्णांनी मान खाली घातली. म्हणाले, "वापरा." आणि डाव्या हातानं वायर लावली.

मी तिथेच बसून राहिले. पलीकडून नागवेकरांच्या घरातून हसण्याचे आवाज येत होते, वहिनी नातवाला मोठ्यानं बोलवत होत्या, बोटीवरच्या पोराला ऐकू जावं तशा. आठ वाजले. अण्णांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, घंटेपाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. आठनंतरचा तास माझा होता, त्या वाडीतला शेवटचा. ते माझ्याकडे वळले. कुणाकडे काही मागताना मी त्यांना तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "आठ मिनिटं द्याल?"

 मी मान डोलावली. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, माझी वायर खिळ्यावर सरळ केली आणि घड्याळाकडे बघत बसून राहिले.